आत यायला चालतंय काय?

आमच्या भागातल्या कलाकेंद्रात महिन्यातून एक कार्यक्रम सगळ्यांना मोफत ठेवायचा असा विषय निघाला तेव्हा मीटिंगमध्ये पहिलं वाक्य आलं ते "फुकट दिलं की लोकांना किंमत राहत नाही". कोल्हापूर असो नाहीतर कुठलंही गाव, मराठी कमिटीत हे वाक्य चहाच्या आधी येतं. मी खजिनदार, त्यामुळं खरं तर मीच आधी मान डोलवायला पाहिजे होती, तिकीट नाही म्हणजे जमेच्या बाजूला भोपळा आणि खर्चाची बाजू काही मोफत होत नाही. पण आता बरेच महिने हे चालवल्यावर माझं मत पार फिरलंय. किंमत-बिंमत सगळं नंतर, निम्मी लोकं दारातनंच परत जातात कारण आपण आत गेलेलं चालतं का हेच त्यांना कळत नाही. आणि ते कळू नये याची व्यवस्था आपणच फार मन लावून केलेली असते.

केंद्र म्हणजे जुना दुमजली वाडा आहे, मालकांनी ट्रस्टला दिलेला. खाली सोपा, म्हणजे ओसरी, आणि फरशीचं अंगण, वर लाकडी जमिनीचा हॉल, दाटीवाटीनं ऐंशी खुर्च्या बसतात, त्यातल्या काही डुगडुगतात. एरवी तिथं तबल्याचा आणि कथकचा क्लास असतो, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांची पोरं येतात, त्यांच्या फीवर लाइट बिल आणि झाडलोट निघते, आणि वर मुदत ठेवीचं व्याज, ते हल्ली किती येतं हे मी वेगळं सांगायला नको.

मोफत कार्यक्रमाचं डोक्यात आलं ते कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळल्यानंतर. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. दुसऱ्या दिवशी ज्यांचं नाव त्याला आहे त्या संगीत नट केशवराव भोसल्यांची जयंती, आणि आदल्या रात्री शाहू महाराजांच्या काळातलं, १९१५ सालचं ते थिएटर जळून गेलं. मी पण गेले होते तिकडं, शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला उभं राहून बघत होतो सगळे, आणि माझ्या आजूबाजूला जे डोळे पुसत होते त्यातले कितीतरी नाटकवाले नव्हतेच, कुस्तीच्या तालमीतली पोरं, रिक्षावाले, कुणाची तरी आजी. यातल्या कितीजणांनी आत बसून नाटक बघितलं असेल कुणास ठाऊक, पण थिएटर आपलं होतं. असो. त्यानंतर हौशी ग्रुपांची जागेसाठी पळापळ सुरू झाली, दोन-तीन ग्रुप आमच्याकडं पण आले, की तालमीला हॉल देता का, भाडं मात्र जास्त जमणार नाही. आमच्या सेक्रेटरींनी तिथल्या तिथं सौदा केला की भाडं नकोच, तालीम करा, बदल्यात अधूनमधून लोकांसाठी काहीतरी करून दाखवा, तिकीट न लावता. चित्रकार मंडळी तर आधीपासनंच आमची होती.

तसं उघड्यावर मोफत कला बघणं कोल्हापूरला नवीन नाही. रंगबहार या कलासंस्थेची 'मैफल रंगसुरांची' असते टाऊन हॉलच्या बागेत, एकीकडं गाणं चाललेलं असतं आणि झाडाखाली कोण चित्र काढतंय, कोण मातीत डोकं घडवतंय, आपण हिंडत हिंडत बघायचं, पाहिजे तिथं थांबायचं, कंटाळा आला की पुढं. शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन बघायला पण कोण तिकीट मागत नाही. म्हणजे आम्हाला हे जमायला काही हरकत नव्हती.

पहिला कार्यक्रम नाट्यछटांच्या, म्हणजे एकाच पात्राच्या तोंडी असलेल्या छोट्या नाट्यप्रसंगांच्या, वाचनाचा ठेवला. नाट्यछटाकार दिवाकरच निवडले त्याला एक कारण म्हणजे त्यांची एकेक नाट्यछटा काही मिनिटांत संपते, नवख्या माणसाला झेपते, आणि दुसरं कारण माझं, खजिनदाराचं. दिवाकर १९३१ साली गेले, आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे परवानगी नाही, मानधनाचा प्रश्न नाही, विषय संपला. पण पुढं कधी आजच्या लेखकाचं काही करायचं झालं तर काय, म्हणून आमच्या वकील भाऊजींना विचारलं. त्यांनी सांगितलं की कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक सवलत आहे, हौशी मंडळानं पैसे न मोजणाऱ्या प्रेक्षकांसमोर नाटक किंवा गाणं सादर केलं तर तो हक्कभंग धरत नाहीत. हे ऐकून सेक्रेटरी एकदम खूश, पुढच्या वर्षभराची यादीच काढायला बसले. भाऊजी म्हणाले दमा जरा, मंडळ खरंच हौशी पाहिजे, प्रेक्षक खरंच पैसे न देणारे पाहिजेत, आणि कोणीतरी अख्खा कार्यक्रम मोबाइलवर घेऊन यूट्यूबला टाकला तर तिथं ही सवलत चालेल असं समजू नका. आणि दारात दानपेटी ठेवू नका, उद्या कोणी म्हणालं की हेच तुमचं तिकीट, तर भांडत बसा. मग पेटी आत ऑफिसात गेली, माझ्या टेबलावर, जिथं ती कुणालाच दिसत नाही. लेखक हयात असेल तर सवलत असो नसो आम्ही फोन करून विचारतोच, ती वेगळी गोष्ट आहे, ती रीतच आहे. आणि वाचनाऐवजी रीतसर नाटकाचा प्रयोग करायचा म्हटलं तर संहितेला रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र लागतं, तिकीट असो वा नसो, त्या वाटेला आम्ही अजून गेलेलो नाही.

तर तो पहिला कार्यक्रम. फ्लेक्स लागला, "प्रवेश विनामूल्य, सर्वांचे हार्दिक स्वागत". पहिल्या रांगेत मान्यवरांसाठी सोफा, भाड्यानं आणलेला, मरून रेक्झिनचा, त्यावर पांढरे टर्किश टॉवेल. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचं मनोगत, आणि हे सगळं होईपर्यंत वाचणारी पोरं जिन्यात उभी राहून घामाघूम. समई तर पेटतच नव्हती, वरचा पंखा बंद करा रे, करा रे, कुठलं बटण, तीन पंखे बंद झाले पण तो पंखा काही बंद होईना. वाचन एकदम भारी झालं, त्यात वाद नाही. पण समोर कोण? आम्हीच. कमिटी, कमिटीच्या घरातले, वाचणाऱ्यांचे आईबाप, आणि दर कार्यक्रमाला असतात ते काका लोक. सोफा शेवटपर्यंत अर्धा रिकामा, मागं चार माणसं भिंतीला टेकून उभी, पण त्या टॉवेलवर बसायची कुणाची हिंमत झाली नाही.

मी त्या दिवशी हजेरीवही घेऊन खाली दारात बसले होते म्हणून मला एक गोष्ट दिसली जी वर कुणाला दिसली नसेल. आमच्या कोपऱ्यावर एक केळीवाल्या मावशी बसतात, पाटी उचलून घरी निघाल्या होत्या, वरनं आवाज येत होता म्हणून थांबल्या. फ्लेक्स बघितला. मला विचारलं, "काय चाललंय वर?" मी सांगितलं. "आत यायला चालतंय काय?" मी म्हटलं चालतंय की, या ना. त्यांनी जिन्याजवळ काढलेल्या चपलांची रांग बघितली, मग स्वतःच्या पायाकडं बघितलं, पावसाचे दिवस, चिखलानं घोट्यापर्यंत भरलेले, आणि वरच्या लाकडी जमिनीचा एक तुकडा जिन्यातनं दिसतो तो बघितला. "नगं, पाय मळल्यात. पुन्ना यीन," म्हणाल्या आणि गेल्या. फ्लेक्सवरचं हार्दिक स्वागत त्यांच्यासाठी पण होतं, तसं आम्ही कुणालाही विचारलं असतं तर छातीठोकपणे सांगितलं असतं.

पुढच्या मीटिंगमध्ये मी हे सांगितलं तर एकजण म्हणाले पायपुसणं ठेवूया. ठेवा की, पण मुद्दा तो नव्हता. बरीच वादावादी झाली, सोफ्यावरनं तर फारच, कारण सोफा काढला तर अमुक साहेब आले तर कुठं बसणार. शेवटी आमच्यातले एक ज्येष्ठ चित्रकार, त्यांना सगळे सरच म्हणतात, ते म्हणाले की पुढचा कार्यक्रम माझ्याकडं द्या, मी खाली अंगणात पोर्ट्रेटचं प्रात्यक्षिक देतो, फाटक सताड उघडं ठेवा, चपला काढायच्या नाहीत, स्टेज नको आणि माईक नको. माईक नको म्हटल्यावर मला बरंच वाटलं, कारण उघड्या अंगणात स्पीकर लावायचा तर ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे आधी लेखी परवानगी काढावी लागते. दुसऱ्या एका वेळी ती काढायला मी गेले होते, अर्ज दिला तर साहेब नाहीत, साहेब आले तर अर्ज सापडेना, परत अर्ज. शेवटी मिळाली, पण हातात पडली तेव्हा गायिका आमच्या सोप्यात बसून चहा पीत होती.

आणि मॉडेल कोण? नेहमीचं म्हणजे फेटेवाला म्हातारा बोलवायचा, त्याची दाढी, त्याच्या सुरकुत्या, तो एक ठरलेला मामला आहे आमच्याकडं. सर म्हणाले, समोरच्या इस्त्रीवाल्या मामांना विचारा. मामांना विचारायला मीच गेले.

"काय करायचं असतंय?"
"काही नाही मामा, बसायचं."
"नुसतं बसायचं? आणि पैसं कशाचं देताय मग?"

दुकान दुपारभर बंद राहणार त्याचे म्हणून दीड हजार ठरवले, मामांना ते शेवटपर्यंत पटलं नाही, पण आले. आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, जो सरांनी बदलायला लावला आणि रोजचा निळा घाला म्हणून परत पाठवलं. तेवढ्यात गल्लीत बातमी झालीच की मामांचं चित्र काढणार आहेत.

वेळ चारची ठेवली आणि चारला सुरू झालं, ही आमच्या केंद्राच्या इतिहासातली पहिली वेळ असेल. त्याचं श्रेय आम्हाला नाही, उन्हाला आहे. अंगणात चारला वाड्याची सावली पडते, मामांच्या डाव्या गालावर आकाशाचा सरळ उजेड येतो, आणि पुढं दोन-अडीच तासांत तो उजेड बदलत जातो, मग चित्राचं गणित बिघडतं. अध्यक्षांना दोन शब्द बोलायचे होते. सर म्हणाले, "बोला की, पण ऊन थांबणार नाही." अध्यक्ष बसले.

मामांना चौथऱ्यावर खुर्ची टाकून बसवलं, म्हणजे मागच्याला पण दिसावं, खासबागेत आखाडा खाली आणि माणसं वर असतात, आम्ही ते उलटं केलं. पायांभोवती खडूनं रेघ मारली, कारण मॉडेलला वीसेक मिनिटांनी विश्रांती द्यावी लागते आणि परत बसताना पाय तिथंच, मान तशीच पाहिजे. मानेसाठी सरांनी मामांना सांगितलं त्या पिंपळाकडं बघत बसा. दळवीज आणि कलानिकेतन या चित्रकलेच्या कॉलेजांची पोरं बोर्ड घेऊन पुढं फरशीवर, त्यांच्यामागं क्लासची लहान पोरं, त्यांच्यामागं गल्ली. सरांनी बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी रंग, टर्पेंटाइनमध्ये पातळ केला आणि नुसते डाग टाकायला लागले. डोळे नाही, नाक नाही. "डोळं-नाक विसरा आता, उजेड कुठं हाय आणि अंधार कुठं हाय तेवढंच बघा, डोळं बारीक करून बघा," असं म्हटल्याबरोबर अख्खं अंगण डोळे बारीक करून मामांकडं बघायला लागलं आणि मामांना हसू आवरेना.

पहिला तासभर लोकं चुळबुळत होती, "ह्यात मामा कुठायत?" असं एक रिक्षावाला दोनदा विचारून गेला, पण गेला तो फाटकापर्यंतच, परत आला. विश्रांतीनंतर मामांची मान फिरायची, सर काही बोलायच्या आत पोरंच ओरडायची, "मामा, पिंपळ!" मग सरांनी पिवळसर ऑकर आणि पांढरा मिसळून गालाचं हाड चढवलं, कपाळाचा सपाट भाग वेगळा, त्याच्या बाजूचा उतार वेगळा, असं एकेक, आणि सगळ्यात शेवटी खालच्या ओठाखालची एवढीशी सावली टाकली, बोटभर पण नसेल, आणि एकदम मागनं आवाज आला, "आलं आलं आलं!" मामी तोपर्यंत घरातलं आवरून आल्या होत्या, त्यांनी चित्र बघितलं, मामांना बघितलं आणि म्हणाल्या, "लग्न झाल्यापासनं एवढं गप बसल्यालं आजच बघाय मिळालं." त्यावर जो हशा झाला त्यात डोळ्यातला हायलाइट कधी लागला ते मला दिसलंच नाही.

केळीवाल्या मावशी होत्या. पाटी फाटकाच्या आत ठेवून, तिच्याशेजारीच बसून बघत होत्या आणि मधूनमधून पोरांना केळी पण विकत होत्या. एक कमिटी मेंबर त्यावरनं कुरकुरले, मी म्हटलं तुम्ही पण घ्या दोन.

आता पैशाचं, कारण ते कोणी लिहीत नाही. सरांनी मानधन घेतलं नाही पण रंग, कॅनव्हास, टर्पेंटाइन आम्ही दिलं, आणि पुढच्या कलाकारांना आम्ही मानधन देतोच, थोडं असलं तरी पाकिटात घालून, कार्यक्रम संपल्या संपल्या. मोफत हे बघणाऱ्याला, करणाऱ्याच्या जिवावर नाही. एक स्पॉन्सर मिळत होते, चांगली रक्कम देणार होते, पण त्यांना त्यांचा फ्लेक्स अंगणात मागच्या भिंतीवर पाहिजे होता, म्हणजे मॉडेलच्या डोक्यामागं साहेबांचा हात जोडलेला फोटो, वर वाढदिवसाच्या शुभेच्छा. सर म्हणाले मग मी त्यांचंच चित्र काढतो की, मामांना कशाला त्रास. तो विषय तिथंच राहिला. सध्या क्लासच्या पालकांपैकी काहीजण दरमहा ठरावीक रक्कम देतात, पावती घेतात, नाव कुठं लावायचं नाही हे आधीच सांगितलंय. शाल-श्रीफळ, सोफ्याचं भाडं, बुके यांचे वाचलेले पैसे धरले तर साधारण एका कलाकाराचं मानधन निघतं, हे मी ताळेबंदात दाखवलं तेव्हा मीटिंगमध्ये बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

चित्र मामांना द्यायचं ठरलं. ऑइल असल्यामुळं वाळायला वेळ लागला, तोवर ते सोप्यातच होतं. मग द्यायला गेले तर मामा म्हणाले, "हितं कोळशाची राख उडतीया, खराब हुईल, तुमच्यातच असूदे, मी बघून जाईन." ते खरंच येतात, आणि एकटे येत नाहीत, कपडे न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला घेऊन येतात, "चला दाखवतो" करून. त्यातली एक बाई आता पोरीला चित्रकलेच्या क्लासला घालतेय.

सगळं गोड झालंय असं नाही. गाण्याच्या कार्यक्रमाला अंगण चालत नाही, रस्त्याचा आवाज येतो, त्यामुळं तो वर हॉलमध्येच करावा लागतो आणि तिथं परत तेच काका लोक, तोच जिना. चपला तिथं काढाव्याच लागतात, लाकडी जमीन आहे, कथकची पोरं अनवाणी नाचतात त्यावर. खाली नळ लावून घेतलाय आता, पायपुसणं पण आहे, थोडा फरक पडलाय, फार नाही. व्हॉट्सॲपवर "नक्की येणार" लिहिणारे येत नाहीत आणि काही न लिहिणारे घरचे पाहुणे घेऊन येतात, त्यामुळं चहाचा अंदाज दरवेळी चुकतो. लहान पोरं पळतात. फोन वाजतात.

सध्याचं भांडण वेगळंच आहे. प्रात्यक्षिकांना गर्दी व्हायला लागली म्हणून दोघातिघांचं म्हणणं की आधी ऑनलाइन फॉर्म भरून घ्यायचा, नाव, नंबर, इमेल, आणि मेसेज दाखवेल त्यालाच आत सोडायचं. माझं म्हणणं, गर्दी झाली तर कार्यक्रम दोनदा करा, पण फाटकावर फॉर्म नको, कारण ज्या मावशी पाय मळलेत म्हणून परत गेल्या त्या इमेल कुठनं आणणार. त्यावर मला उत्तर मिळालं की सुरक्षेचं काय, जिन्याचं काय, जुना वाडा आहे. जिन्याचं बरोबर आहे, ते मला मान्य आहे. म्हणून वरच्या हॉलला ऐंशी म्हणजे ऐंशीच, खुर्ची संपली की संपली, जो आधी येईल तो बसेल, मग तो अध्यक्षांचा जावई असला तरी, आणि अंगणाला काहीही नाही, एवढ्यावर सध्या ताणून धरलंय. रविवारी परत मीटिंग आहे.

पुढच्या वेळी मातीकाम आहे, शाडूत डोकं घडवणार, मॉडेल म्हणून रिक्षा स्टॉपवरचे एकजण तयार झालेत, तेच ते, "मामा कुठायत" विचारणारे. चारला म्हणजे चारलाच सुरू होईल. लहान पोरांना थोडी माती देणार आहोत हाताळायला, त्यामुळं त्यांना चांगले कपडे घालून आणू नका, मागच्या वेळी एका आजोबांनी नातवाला थेट लग्नातनं आणलं होतं.